सायकेडेलिक द्रव्यं आणि मेंदू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवले आहेत, फक्त एकाच अर्थाचे होते ते एकत्र केले. क्रमाने वाचायलाच हवेत असं नाही. जिथे एका उत्तराला दुसऱ्याचा आधार लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ही द्रव्यं कशी घ्यावीत याचं मार्गदर्शन इथे मिळणार नाही. ती घेतल्यावर मेंदूत काय होतं आणि त्यातलं किती खरोखर ठाऊक आहे, एवढाच विषय.

१. सायकेडेलिक म्हणजे नक्की काय? गांजा, दारू, एमडीएमए (एक्स्टसी) हे सगळं त्यातच येतं का?

नाही. बोलताना सगळ्याच नशेच्या पदार्थांची एक मोट बांधली जाते, पण मेंदूच्या दृष्टीने त्यांचे रस्ते वेगळे आहेत. 'अभिजात' सायकेडेलिक म्हणतात ती मुख्यतः चार: एलएसडी, काही अळंब्यांमध्ये असणारं सायलोसायबिन, पेयोटी निवडुंगातलं मेस्कलिन आणि दक्षिण अमेरिकेतल्या आयावास्का काढ्यातलं डीएमटी. या चौघांची खूण एकच, ती म्हणजे सेरोटोनिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाच्या एका ठरावीक रिसेप्टरला (निरोप झेलणाऱ्या, पेशीवरच्या प्रथिनाला) ती चेतवतात. त्याचं नाव ५-एचटी-२ए. नाव रुक्ष आहे, पण पुढे सारखं लागेल.

गांजा वेगळ्याच रिसेप्टरवर काम करतो. एमडीएमए पेशींमधला सेरोटोनिनचा साठा बाहेर ओतायला लावतं. केटामिन ग्लुटामेट या दुसऱ्या निरोप्या रसायनाचा एक मार्ग अडवतं. दारू तर मेंदूचा एकंदर ब्रेकच दाबते.

धोतऱ्याबद्दलही बरेच जण विचारतात. तो यात अजिबात बसत नाही. धोतरा ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाचं काम बंद पाडतो, त्यामुळे माणूस समोर नसलेल्या व्यक्तीशी गप्पा मारतो आणि ती तिथे नाही हे त्याला कळतही नाही. सायकेडेलिकच्या अमलाखाली बहुतेकांना 'हे मी घेतलेल्या पदार्थामुळे दिसतंय' याचं भान असतं. धोतऱ्याने जीवही जातो.

२. पोटात गेल्यापासून भास सुरू होईपर्यंत शरीरात काय घडतं?

सायलोसायबिनचं उदाहरण घेऊ. ते स्वतः जवळजवळ निष्क्रिय असतं. शरीरातली विकरं त्याचा फॉस्फेटचा तुकडा तोडतात आणि सायलोसिन तयार होतं. हे सायलोसिन तेलकट आवरणातून सहज पार होतं, म्हणून मेंदूत शिरतं; आणि त्याची रचना सेरोटोनिनशी फार मिळतीजुळती असल्याने सेरोटोनिनच्या रिसेप्टरवर बसतं.

५-एचटी-२ए रिसेप्टर मेंदूच्या सुरकुतलेल्या बाहेरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, दाट असतात; विशेषतः पाचव्या स्तरातल्या मोठ्या पिरॅमिडच्या आकाराच्या चेतापेशींवर. या पेशी कॉर्टेक्सच्या एका भागातला निकाल दुसरीकडे पोचवतात. त्या नेहमीपेक्षा जास्त उत्तेजित झाल्या की निरोपांची नेहमीची शिस्त बिघडते.

सगळं याच रिसेप्टरमुळे होतं हे कशावरून? १९९८ मध्ये झुरिकमधल्या संशोधकांनी स्वयंसेवकांना आधी केटान्सेरिन हे तो रिसेप्टर अडवणारं औषध दिलं आणि मग सायलोसायबिन. भास जवळपास झालेच नाहीत. कुलूप आधीच बंद करून ठेवल्यावर किल्ली फिरली नाही. या विषयातला हा मला सर्वांत स्वच्छ वाटणारा प्रयोग आहे.

३. एलएसडीचा कणभर डोस इतके तास कसा काय पुरतो?

रक्तातलं एलएसडी साधारण तीन-साडेतीन तासांत निम्मं होतं, पण परिणाम आठ ते बारा तास टिकतो. हे कोडं बरीच वर्षं होतं. २०१७ मध्ये एलएसडी अडकलेल्या अवस्थेतच एका सेरोटोनिन रिसेप्टरची स्फटिकरचना मिळाली. त्यात दिसलं की रेणू आत बसल्यावर रिसेप्टरचाच एक पट्टा झाकणासारखा वरून मिटतो. रेणू आतच कोंडला जातो आणि संदेश चालू राहतो.

मात्रेबद्दल सांगायचं तर, स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमान यांनी १९३८ मध्ये एलएसडी पहिल्यांदा बनवलं. १९ एप्रिल १९४३ रोजी त्यांनी मुद्दाम ते घेतलं तेव्हा २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे पाव मिलिग्रॅम, ही फार सावध मात्रा आहे असं त्यांना वाटलं होतं. ती चांगलीच मोठी निघाली. युद्धकाळामुळे मोटार मिळेना, म्हणून सहायकाला सोबत घेऊन ते सायकलवरून घरी गेले. आपण वेडे होतोय किंवा मरतोय अशी त्यांची खात्री पटली होती. डॉक्टर आले तेव्हा डोळ्यांच्या मोठ्या झालेल्या बाहुल्यांशिवाय त्यांना काही सापडलं नाही. हॉफमान वयाच्या १०२ व्या वर्षापर्यंत जगले.

याची दुसरी बाजू १९६२ मधली. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत टस्को नावाच्या हत्तीला संशोधकांनी २९७ मिलिग्रॅम एलएसडी टोचलं. तो काही मिनिटांत कोसळला आणि दोन तासांच्या आत मेला. एलएसडीने मेला की नंतर सावरण्यासाठी दिलेल्या औषधांनी, हा वाद राहिला. पण हत्तीच्या वजनावरून मात्रेचा हिशेब मांडणाऱ्यांचा अंदाज साफ चुकला होता, यात वाद नाही.

४. सेरोटोनिन तर मेंदूत असतंच. तेही याच रिसेप्टरला चिकटतं ना? मग रोज भास का होत नाहीत?

हा प्रश्न विचारणाऱ्याला शाबासकी, कारण शास्त्रज्ञही इथेच अडले होते. गंमत म्हणजे लिस्युराइड नावाचं एक औषध ५-एचटी-२ए ला चिकटतं, त्याची रचना एलएसडीसारखी आहे, पण नेहमीच्या मात्रेत त्याने भास होत नाहीत. म्हणजे नुसतं चिकटणं पुरेसं नाही. रिसेप्टर हा चालू-बंद करायचा खटका नव्हे. कोणता रेणू त्याला कसा वाकवतो त्यावर पेशीच्या आत कोणती साखळी सुरू होणार हे ठरतं.

दुसरा धागा २०२३ मध्ये पुढे आला. हे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर असतात तसे आतही असतात. सेरोटोनिनला पेशीचं तेलकट आवरण सहजी ओलांडता येत नाही. सायकेडेलिक रेणूंना येतं. निदान चेतापेशींच्या वाढीबाबत (प्रश्न ८) हे आतले रिसेप्टर महत्त्वाचे आहेत असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं. भासांचं कोडं त्याने पूर्ण सुटलेलं नाही.

५. डोळे मिटल्यावर दिसणाऱ्या जाळ्या, बोगदे, चक्रं येतात कुठून? सगळ्यांना सारखीच कशी दिसतात?

ती मेंदूच्या बांधणीतून येतात. १९२० च्या दशकात हाइनरिख क्लूव्हर यांनी मेस्कलिनवर अभ्यास केला आणि लोकांच्या वर्णनांत चारच मूळ आकार पुन्हा पुन्हा सापडले: जाळी, कोळिष्टक, बोगदा आणि सर्पिल. पुढे १९७९ मध्ये गणिताने त्याचं स्पष्टीकरण मिळालं. डोळ्याच्या पडद्यावरचं चित्र मेंदूच्या दृष्टीविभागात जसंच्या तसं उमटत नाही. मधला भाग तिथे ताणला जातो, वर्तुळं आणि किरणं जवळपास सरळ रेषा होतात. आता त्या विभागात आपोआप साधे पट्टे उमटले, तर पाहणाऱ्याला ते उलट्या हिशेबाने बोगदे आणि चक्रं म्हणूनच दिसणार. मायग्रेनच्या आधी डोळ्यांपुढे नक्षी नाचते तिथेही याच जातीचं गणित असावं असं मानतात.

चेहरे, प्रसंग, बालपणीची खोली दिसते ती पायरी पुढची. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एलएसडीच्या अभ्यासात, डोळे मिटलेले असतानाही दृष्टीविभागाचा मेंदूच्या इतर अनेक भागांशी ताळमेळ वाढलेला दिसला. बाहेरून काहीच येत नसताना आठवण आणि भावना 'पाहण्याच्या' यंत्रणेत घुसत होत्या, असा त्याचा अर्थ लावतात.

एरवीही आपण जग थेट पाहत नाहीच. मेंदू अंदाज बांधतो आणि डोळ्यांकडून आलेल्या माहितीने तो दुरुस्त करत राहतो. सायकेडेलिकने या अंदाजांची पकड सैल होते, असा एक सिद्धांत २०१९ मध्ये मांडला गेला. पटण्यासारखा आहे. सिद्ध झालेला नाही.

६. 'मी विरघळून गेलो' असं लोक सांगतात. मेंदूत 'मी' कुठे असतो आणि तो बंद पडतो का?

'मी'ची अशी एक खोली मेंदूत नाही. पण काहीच काम नसताना, मन स्वतःभोवती घुटमळत असताना, काही भाग एकत्र लयीत चालतात. कालचं भांडण, उद्याची काळजी, लोक काय म्हणतील, हा सगळा संसार तिथला. त्याला डीफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लंडनच्या संशोधकांनी सायलोसायबिन शिरेतून देऊन स्कॅन काढले, तेव्हा या जाळ्याच्या केंद्रांमधली हालचाल कमी झालेली दिसली. मेंदू जास्त पेटलेला दिसेल असं वाटलं होतं, दिसला शांत. 'अहंकाराचं केंद्र बंद पडतं' ही ओळ तिथून जगभर गेली.

आता ती ओळ फार घट्ट धरू नका. १९९७ मध्ये झुरिकला वेगळ्या तंत्राने, म्हणजे मेंदूचा साखरेचा वापर मोजून, पाहिलं तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागात हालचाल वाढलेली आढळली होती. शिवाय एफएमआरआय, म्हणजे लंडनच्या अभ्यासातलं स्कॅनचं तंत्र, चेतापेशींचं काम थेट मोजत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक मोजतं. सेरोटोनिनचे रिसेप्टर रक्तवाहिन्यांवरही असतात. तेव्हा दिसलेला फरक पेशींचा किती आणि रक्तवाहिन्यांचा किती, हे वेगळं काढावं लागतं.

२०२४ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने वेगळी वाट घेतली. माणसं फक्त सात, पण प्रत्येकाचे स्कॅन आधी, त्या दिवशी आणि नंतर कितीतरी वेळा काढले. सायलोसायबिनने मेंदूची नेहमीची एकत्र लय मोडली, सर्वांत जास्त याच डीफॉल्ट जाळ्यात. त्या दिवसापुरतं बघितलं तर माणसामाणसातले फरकही पुसट झाले. बहुतेक बदल लवकर ओसरले; स्मृतीशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पसचा या जाळ्याशी असलेला दुवा मात्र काही आठवडे सैल राहिला. मला त्यातली एक बारीक नोंद जास्त आवडते. स्कॅन चालू असताना चित्र आणि शब्द जुळवण्याचं साधं काम दिलं की लय पुन्हा थोडी सावरायची. घाबरलेल्या माणसाला आसपासच्या वस्तूंकडे लक्ष द्यायला सांगतात, त्याला हा एक आधार म्हणता येईल (प्रश्न १३).

७. ते दोन वर्तुळांचं चित्र पाहिलं: एकात मोजक्या रेषा, दुसऱ्यात रंगीत रेषांचं जंगल. मेंदू शंभर टक्के वापरात येतो का?

नाही. मेंदू दहा टक्केच वापरला जातो ही मुळातच थाप आहे, त्यामुळे उरलेले नव्वद उघडण्याचा प्रश्न येत नाही. ते चित्र २०१४ मधल्या एका गणिती अभ्यासातलं. त्यातल्या रेषा म्हणजे नसा नव्हेत. कोणते भाग एकाच वेळी वरखाली होतात याचं संख्याशास्त्रीय नातं गाळून, चाळून तिथे काढलं आहे. जास्त रेषा म्हणजे जास्त हुशारी असंही नाही. वर्गात सगळीच मुलं एकमेकांशी बोलायला लागली तर अभ्यास वाढतो का?

८. यामुळे मेंदूत नव्या जोडण्या फुटतात, हे खरं?

उंदरांमध्ये खरं. २०१८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेत, बशीत वाढवलेल्या चेतापेशींना सायकेडेलिक द्रव्यं दिल्यावर जास्त फांद्या आणि काटे (दुसऱ्या पेशीशी जोडणी होते ते बारीक उंचवटे) फुटले. २०२१ मध्ये येल विद्यापीठात जिवंत उंदरांच्या मेंदूत सूक्ष्मदर्शक रोखून पाहिलं. सायलोसायबिनच्या एकाच मात्रेने पुढच्या भागातल्या पेशींवरचे काटे सुमारे १० टक्के वाढले आणि त्यातले काही महिनाभर टिकले.

जिवंत माणसाच्या मेंदूत इतकं बारीक पाहता येत नाही. आणि नवी जोडणी म्हणजे चांगलीच जोडणी असं कुठे आहे? भीतीही जोडण्यांतूनच शिकली जाते. म्हणूनच त्या काळात माणूस कुठे आहे, कुणासोबत आहे, याला महत्त्व येतं. उंदराला भास झाले हे कसं ओळखतात, असंही एकाने विचारलं होतं. तो डोकं विशिष्ट तऱ्हेने झटकतो. ते झटके मोजतात. त्याला काय दिसतं ते त्यालाच ठाऊक.

९. नैराश्यावर हे औषध म्हणून चालतं का? मग डॉक्टर सरसकट देत का नाहीत?

आशा आहे, पण जाहिरातीएवढी नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे २३३ रुग्ण होते. सायलोसायबिनचा २५ मिलिग्रॅमचा एकच डोस मिळालेल्यांपैकी तीन आठवड्यांनी ३७ टक्क्यांना ठळक आराम पडला. नाममात्र १ मिलिग्रॅम मिळालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होतं. बारा आठवडे आराम टिकलेले साधारण पाचात एक. काही जणांत आत्महत्येचे विचार वाढल्याच्याही नोंदी झाल्या. त्याआधी २०२१ मध्ये ५९ रुग्णांवर एस्सिटालोप्राम या रोजच्या गोळीशी तुलना झाली होती, तेव्हा मुख्य मोजपट्टीवर दोघांत ठोस फरक निघाला नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. औषधाची परीक्षा घेताना कुणाला खरं मिळालं आणि कुणाला खोटं, हे रुग्णाला कळता कामा नये. इथे तासाभरात कळतंच! ज्याला मिळालं त्याची आशा फुलते, ज्याला नाही त्याचा हिरमोड होतो, आणि आकड्यांतला फरक त्यानेही वाढतो. शिवाय या चाचण्यांत आधीची तयारी, दिवसभर शेजारी बसणारे थेरपिस्ट आणि नंतरची बोलणी हे सगळं असतं. गोळीचं श्रेय किती आणि माणसांचं किती, हे अजून सुटं झालेलं नाही.

ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना काही रुग्णांसाठी सायलोसायबिन लिहून द्यायची मुभा दिली. बहुतेक देशांत मात्र १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार ही द्रव्यं सर्वांत कडक यादीत आहेत आणि चाचणीबाहेर ती बाळगणं गुन्हा आहे.

१०. भास न होतील इतकी थोडी मात्रा रोज घेतली तर? मायक्रोडोसिंगने डोकं तल्लख होतं म्हणतात.

२०२१ मध्ये १९१ जणांनी घरच्या घरी स्वतःलाच चकवून हे तपासलं. कॅप्सूलमध्ये द्रव्य आहे की ती रिकामी आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. बरं दोन्ही गटांना वाटलं, आणि जवळपास सारखंच. आपण खरी घेतली असा ज्यांचा समज होता त्यांना जास्त.

वारंवार घेण्यात एक धोका आहे ज्याची चर्चा कमी होते. ही द्रव्यं ५-एचटी-२बी या भावंड-रिसेप्टरलाही लागतात, आणि तो हृदयाच्या झडपांवर असतो. फेनफ्लुरामिन हे वजन घटवण्याचं औषध झडपा जाड करतं म्हणून १९९७ मध्ये बाजारातून काढलं गेलं, त्यामागे हाच रिसेप्टर होता. मायक्रोडोसिंगने झडपा बिघडतात असं सिद्ध झालेलं नाही, पण वर्षानुवर्षं घेणाऱ्याने हे ठाऊक असू द्यावं.

११. व्यसन लागतं का?

दारू, निकोटिन किंवा अफूच्या अर्थाने सहसा नाही. सोडल्यावर अंग मोडून येत नाही, तल्लफ येत नाही. उलट सलग तीन-चार दिवस घेतलं तर परिणामच होईनासा होतो, कारण पेशी ५-एचटी-२ए रिसेप्टर पृष्ठभागावरून आत ओढून घेतात. एलएसडीची अशी सवय झाली की सायलोसायबिन आणि मेस्कलिनही चालत नाही. डीएमटी याला अपवाद आहे. त्याची सवय फारशी होत नाही. व्यसन नाही म्हणजे निर्धोक, असा अर्थ मात्र काढू नये. पुढचे दोन प्रश्न त्यासाठीच आहेत.

१२. एकदा घेतल्याने कायमचं वेड लागू शकतं? आणि गुणसूत्रं बिघडतात हे खरं का?

गुणसूत्रांचं आधी. तो बोभाटा १९६७ मध्ये झाला आणि १९७१ च्या आढाव्यात टिकला नाही.

वेडाचं उत्तर इतकं सुटसुटीत नाही. ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार आहे, किंवा ज्यांना तो स्वतःला होऊन गेला आहे, त्यांच्यात आजार उफाळू शकतो. चाचण्यांमध्ये अशांना घेतच नाहीत, त्यामुळे चाचण्यांमधली सुरक्षितता त्यांना लागू होत नाही. विशी-पंचविशीत हा आजार अनेकदा पहिल्यांदा डोकं वर काढतो, आणि प्रयोग करून बघायचं वयही तेच.

दुसरा प्रकार डोळ्यांचा. द्रव्य शरीरातून गेल्यावरही हलत्या वस्तूमागे शेपट्या दिसणं, हवेत ठिपके, दिव्यांभोवती वलयं, असं काही जणांत महिनोन्महिने राहतं. मानसोपचाराच्या पुस्तकांत त्याला स्वतंत्र निदान आहे. ते फार आढळत नाही, पण ज्याच्या वाट्याला येतं त्याला आकडेवारीचा दिलासा नसतो.

१३. मी नैराश्याच्या गोळ्या घेतो / मित्राने काहीतरी घेतलंय आणि तो घाबरलाय. काय करावं?

दोन वेगळे प्रश्न, पण येतात बहुधा जोडीनेच.

सेरोटोनिन वाढवणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांनी सायकेडेलिकचा परिणाम बहुधा बोथट होतो. म्हणून लोक गोळ्या अचानक बंद करतात, आणि तेच जास्त घातक ठरतं. आयावास्काची गोष्ट वेगळी. त्यातली वेल डीएमटी तोडणारं विकर अडवते. तेच विकर सेरोटोनिनही तोडतं. त्यावर या गोळ्या असतील तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. लिथियम घेणाऱ्यांमध्ये तर झटके आल्याच्या नोंदी आहेत.

घाबरलेल्याला एकटं सोडू नका. गोंगाट आणि प्रखर उजेड कमी करा, वाद घालू नका, 'हे ओसरणार आहे' हे शांतपणे सांगत राहा. ताप चढला, झटके आले, छातीत दुखलं, शुद्ध हरपू लागली किंवा तो स्वतःला इजा करू पाहत असेल तर थेट रुग्णालय. तिथे काय घेतलं ते खरं सांगा. एलएसडी म्हणून विकलेल्या कागदावर कधीकधी एनबीओएमई जातीची द्रव्यं निघतात आणि त्यांनी माणसं दगावली आहेत. रानातून ओळखून आणलेली अळंबी चुकीची निघाली तर यकृत जातं, आणि पोटदुखी सुरू व्हायलाच कित्येक तास लागतात.

१४. मेंदू स्वतःच डीएमटी बनवतो, मरताना ते सुटतं, म्हणून प्रकाश दिसतो. बरोबर?

अर्धं. उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांच्या मेंदूत डीएमटी सापडलं आहे, २०१९ च्या अभ्यासात तर पिनियल ग्रंथी काढून टाकल्यावरही. म्हणजे डीएमटी मेंदूतल्या या पिनियल ग्रंथीतच बनतं ही प्रचलित कथा तिथेच लंगडी पडते. माणसात मरताना ते भास होण्याइतकं सुटतं, याचा पुरावा नाही.

१५. भास वगळून फक्त फायदा मिळेल असं औषध बनेल का?

प्रयत्न जोरात आहेत. २०२१ मध्ये इबोगेन या द्रव्याचा रेणू बदलून टॅबर्नॅन्थॅलॉग नावाचा नवा रेणू तयार केल्याचं प्रसिद्ध झालं. त्याने उंदरांच्या चेतापेशींना फांद्या फुटल्या, पण उंदरांनी डोकं झटकलं नाही (प्रश्न ८). एका गटाचं म्हणणं, बरं करते ती पेशींची वाढ. अनुभव हा निव्वळ दुष्परिणाम. दुसरा गट म्हणतो, आपलं आयुष्य वेगळ्या कोनातून दिसल्यामुळेच माणूस सावरतो, तो अनुभव काढला तर उरतं काय? उंदराला हे विचारता येत नाही. निकाल लागेल तो असे रेणू माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत उतरल्यावर, आणि तोवर यातल्या एकाही बाजूवर पैज लावायला मी तयार नाही.